परक्या भूमीची सेवा आणि स्वतःचें मन

परोपकार हें पुण्य आहे, असें आपल्याला लहानपणापासून शिकविलेलें असतें. त्या शिकवणुकीप्रमाणें पुण्याचें फळ परलोकीं मिळावयाचें. इहलोकीं परोपकार करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा झीजच यावयाची. चंदनाची उपमा आपण याच अर्थानें देतों. अलीकडे मात्र मानसशास्त्रज्ञ आणि वैद्यकशास्त्रज्ञ एक निराळाच प्रश्न विचारूं लागले आहेत. दुसऱ्याच्या उपयोगीं पडणाऱ्या माणसाचें स्वतःचें मन त्यामुळें निकोप राहतें काय? आणि ही सेवा आपलें घर, आपली भाषा, आपलें अन्न सोडून दूर देशीं जाऊन केली, तर तो परिणाम वाढतो, कीं उलटाच होतो? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिलेला नाहीं. तो आपल्या घरांत येऊन पोहोंचला आहे. पदवी घेतलेला मुलगा म्हणतो, 'नोकरीला लागण्यापूर्वीं एक वर्ष आफ्रिकेंतल्या एखाद्या शाळेंत शिकवून येतों.' बँकेंतून निवृत्त झालेल्या बाईंना, मुलें आपापल्या संसाराला लागल्यावर, रिकाम्या घरांत दिवस जातां जात नाहीं. आणि कोणी तरी त्यांना नेपाळांतल्या एखाद्या रुग्णालयाची माहिती पाठवतें. वडील मंडळी विचारतात, 'यांतून मिळणार काय?' जाहिराती उत्तर देतात, 'नवें आयुष्य मिळेल.' वडिलांचा संशय आणि जाहिरातींचें आश्वासन, या दोहोंच्या मध्यें सत्य कोठें आहे, तें आपण थोडें शोधून पाहूं.

त्यासाठीं प्रथम फार दूर जावयास नको. मुंबईच्या उपनगरांत, विक्रोळीपर्यंत, गेलें तरी पुरे. १९६० नंतरच्या दशकांत येथें एक अमेरिकन वृद्धा दवाखान्यांत काम करीत असे. जॉर्जिया संस्थानांतल्या प्लेन्स नांवाच्या लहानशा गांवची ही बाई. नांव लिलियन कार्टर. शिक्षणानें त्या परिचारिका होत्या. १९५३ सालीं त्यांचे यजमान वारले. त्यानंतर कांहीं वर्षें विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाची देखरेख, मग वृद्धांच्या एका शुश्रूषागृहाची व्यवस्था, अशीं कामें त्यांनीं केलीं. मुलें मोठीं झालेलीं, घरचा व्यवसाय मुलाच्या हातीं गेलेला. अशा वेळीं दूरचित्रवाणीवर 'पीस कोअर' या संस्थेचें आवाहन त्यांच्या पाहण्यांत आलें. अध्यक्ष केनेडी यांनीं १९६१ सालीं स्थापन केलेली ही संस्था अमेरिकन नागरिकांना दोन वर्षें परदेशांत सेवेसाठीं पाठवीत असे, आणि वयाची आडकाठी नाहीं असें त्या आवाहनांत म्हटलें होतें. बाईंनीं अर्ज केला. १९६६ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, त्या संस्थेंत दाखल झाल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतींत येऊन राहिल्या.

आरंभीं त्यांच्याकडे कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचें काम होतें. त्यांत त्यांचें मन रमलें नाहीं. पुढें त्या तेथल्या दवाखान्यांत काम करूं लागल्या. रोज येणारी रुग्णांची रांग, औषधांची टंचाई, कुष्ठरोगासारखे पूर्वीं कधीं जवळून न पाहिलेले रोग. त्यांनीं घरीं लिहिलेलीं पत्रें १९७७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांत घरची ओढ आहे, थकवा आहे, दारिद्र्याच्या दर्शनानें आलेली खिन्नता आहे. आणि तरीहि, आयुष्याचा अर्थ आपल्याला या दूरच्या कोपऱ्यांत कळला अशी कृतज्ञताहि आहे. सत्तरावा वाढदिवस त्यांनीं येथेंच पाहिला. १९६८ सालीं त्या परतल्या तेव्हां प्रकृति खालावलेली होती, वजन बरेंच उतरलेलें होतें. पण पुढचीं पंधरा वर्षें त्या स्वस्थ बसल्या नाहींत. गांवोगांव जाऊन आपल्या अनुभवाविषयीं बोलत राहिल्या. त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर १९७७ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षीं राष्ट्रपति फखरुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीसाठीं आपल्या देशाच्या प्रतिनिधि म्हणून लिलियनबाई भारतांत आल्या, तेव्हां विक्रोळीला जाऊन जुन्या मंडळींना भेटल्यावांचून त्यांना राहवलें नाहीं.

श्रोतेहो, या हकीगतींत एक गोष्ट नीट लक्षांत घेण्यासारखी आहे. लिलियनबाईंच्या शरीराला विक्रोळीनें कांहीं आरोग्य दिलें नाहीं. उलट तें खर्ची पडलें. तेथें त्यांना सुखहि लाभलें असें म्हणवत नाहीं. मिळालें तें निराळें होतें. सकाळीं उठावें आणि आपल्यावांचून अडलेलें असें कांहीं तरी समोर असावें, ही ती गोष्ट. मनाच्या आरोग्यांत हिचें स्थान किती मोठें आहे, हें आतां संशोधनानें दिसूं लागलें आहे.

यासंबंधीचा एक सुंदर पुरावा जर्मनीच्या इतिहासानें आपण होऊन उभा केला. पूर्व जर्मनींत क्रीडामंडळें, सांस्कृतिक संघ, मदत-समित्या यांतून पुष्कळ लोक विनावेतन काम करीत. या संस्थांपैकीं बऱ्याच सरकारी कारखान्यांशीं जोडलेल्या होत्या. १९८९ सालीं बर्लिनची भिंत कोसळली, १९९० सालीं दोन्ही जर्मनी एक झाल्या, कारखाने बंद पडले आणि त्यांबरोबर या संस्थाहि गेल्या. म्हणजे हजारों लोकांचें सेवाकार्य त्यांच्या इच्छेनें नव्हे, परिस्थितीमुळें सुटलें. स्टेफान मायर आणि आलोइस श्टुट्झर या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं त्या काळांतील पाहणीचे आंकडे तपासून २००८ सालीं असें दाखविलें कीं, ज्यांचें सेवाकार्य असें सुटलें, त्यांचें आयुष्याविषयींचें समाधान, ज्यांचें तें टिकलें त्यांच्या मानानें, घसरलें. 'आनंदी माणसेंच सेवा करतात, सेवेनें आनंद होतो असें नव्हे,' हा जो नेहमींचा आक्षेप, त्याला येथें बरेंचसें उत्तर मिळतें.

बरेंचसें म्हणतों, पूर्ण म्हणत नाहीं. कारण इंग्लंडांतील एक्झेटर येथील संशोधकांनीं २०१३ सालीं या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हां त्यांना दोन गोष्टी आढळल्या. सेवा करणाऱ्यांवर वर्षानुवर्षें लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासांत त्यांच्या ठिकाणीं खिन्नता कमी, समाधान अधिक आणि मृत्यूचें प्रमाणहि कमी दिसलें. पण जेथें चिठ्ठ्या टाकाव्यात तशी माणसें निवडून कांहींना सेवेस लावलें व कांहींना लावलें नाहीं, अशा कांटेकोर प्रयोगांत हा लाभ तितका पक्का ठरला नाहीं. तेव्हां सेवा म्हणजे रोज सकाळीं व संध्याकाळीं घ्यावयाची गोळी, असें कोणीं समजूं नये.

याहूनहि उद्बोधक शोध अमेरिकेंत लागला. विस्कॉन्सिन संस्थानांत १९५७ सालीं शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांची माहिती संशोधक पुढें अनेक दशकें गोळा करीत राहिले. वार्धक्याकडे झुकलेल्या या मंडळींना २००४ सालीं विचारण्यांत आलें कीं, तुम्ही सेवाकार्य कशासाठीं करतां? चार वर्षांनीं पाहिलें तों, जे 'इतरांना उपयोग व्हावा म्हणून' असें म्हणाले होते, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण कमी होतें. जे 'मला बरें वाटावें म्हणून, माझीं दुःखें विसरावींत म्हणून' असें म्हणाले होते, त्यांना मात्र सेवा मुळींच न करणाऱ्यांहून अधिक असा कांहीं लाभ झालेला दिसला नाहीं. २०१२ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

यांतली गंमत पाहा. सेवेनें मनाला आरोग्य मिळतें, पण आरोग्य मिळविण्यासाठीं सेवा केली तर तें हातीं लागत नाहीं. झोंपेचें असेंच आहे. झोंप यावी म्हणून डोळे घट्ट मिटून प्रयत्न करणाऱ्याला ती येत नाहीं. दिवसभर कामानें थकलेल्याला ती न बोलावतां येते. याचें कारणहि उघड आहे. खिन्न मनाचा एक मोठा रोग म्हणजे तें सारखें स्वतःभोंवतीं फिरत राहतें. मीच असा कां, माझेंच असें कां झालें, पुढें माझें काय होणार, या घाण्याला जुंपलेलें मन थकतें, पण पुढें जात नाहीं. समोर तापानें फणफणलेलें मूल असलें कीं तेवढा वेळ तरी बैल घाण्याचा सुटतो. पण मुलाकडे पाहतांनाहि जो 'आतां मला बरें वाटतें आहे कीं नाहीं' हेंच तपाशीत बसेल, त्याचा घाणा सुटला कोठें?

असो. येथवर आपण सेवेविषयीं बोललों. पण सेवा घरच्या गांवींहि करतां येते. मग परदेशच कां? त्या दूरच्या भूमींत असें काय आहे?

दूर देशीं गेलेल्या माणसाचें पहिलें काय हरपत असेल, तर तें त्याचें वजन. आणि हें शरीराचें वजन नव्हे. येथें तो अमक्याचा मुलगा, अमक्या कचेरींतला साहेब, अमक्या सोसायटीचा चिटणीस असतो. तेथें त्याला भाजी मागतां येत नाहीं. चार वर्षांचें पोर त्याच्या उच्चाराला हंसतें. ज्ञान पुष्कळ, पण तें सांगावयाला शब्द नाहींत, अशी त्याची अवस्था होते. हा अनुभव कडू असतो. पण ज्याला आपल्या प्रतिष्ठेचें ओझें वाटूं लागलें होतें, किंवा ज्याला आपण कोणीच नाहीं असें वाटूं लागलें होतें, अशा दोघांनाहि तो नवा आरंभ देतो. तेथें माणसाची ओळख त्याच्या हातून काय होतें एवढ्यावरच ठरते.

मात्र हा आरंभ फुकट मिळत नाहीं. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानें १९५४ सालीं ब्राझीलमध्यें रिओ येथील एका महिला मंडळांत व्याख्यान दिलें. परक्या संस्कृतीच्या आघातानें मनाला येणाऱ्या आजाराचें वर्णन त्यानें त्यांत केलें. पहिले दिवस नवलाईचे. सारें कांहीं सुंदर वाटतें. मग चीड, घरची आठवण, पाण्याची भीति, लोकांविषयीं कुरकुर. मग हळूहळू भाषा कळूं लागते, विनोद समजूं लागतो, आणि अखेरीस तेथल्या रीति ह्याहि माणसांच्याच एक प्रकारच्या रीति आहेत असें वाटूं लागतें. पुढच्याच वर्षीं, १९५५ सालीं, स्व्हेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या संशोधकानें अमेरिकेंत राहून आलेल्या आपल्या सुमारें २०० देशबांधवांची चौकशी केली. सहा महिन्यांपेक्षां कमी राहिलेले लोक बऱ्यापैकीं सुखी होते. अठरा महिन्यांहून अधिक राहिलेलेहि सुखी होते. मध्यंतरींच्या कालांत परतलेल्यांची अवस्था सर्वांत बिकट होती.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. तीन आठवड्यांची जी सेवायात्रा जाहिरातींत दिसते, ती नवलाईच्या काळांतच संपून जाते. तीमधून छायाचित्रें येतात, आठवणी येतात, क्वचित् मैत्रीहि येते. पण मनाची जी खरी घडण व्हावयाची, ती उतरणीनंतरच्या चढणीवर होते, आणि तेथपर्यंत हा प्रवासी पोहोंचतच नाहीं. पीस कोअरनें सेवेची मुदत दोन वर्षांची ठेवली, यामागें कांहीं शहाणपण असलें पाहिजे.

परक्या भूमींतील सेवेला आणखी एक अट आहे, आणि ती म्हणजे त्या भूमीची संमति. पिएर सेरेसोल या स्विस इंजिनियराचें उदाहरण येथें आठवतें. हा गृहस्थ स्वित्झर्लंडच्या एका माजी अध्यक्षाचा मुलगा. युद्धाला विरोध म्हणून सैन्याचा कर तो देत नसे व त्यासाठीं पुनःपुन्हा तुरुंगांत जाई. पहिलें महायुद्ध संपल्यावर १९२० सालीं, फ्रान्समधील व्हर्दूनजवळचें एक उद्ध्वस्त खेडें पुन्हां उभारण्यासाठीं तो कांहीं सोबत्यांना घेऊन गेला. त्या सोबत्यांत जर्मनहि होते. ज्यांनीं उद्ध्वस्त केलें त्यांच्याच देशबांधवांनीं तें उभारावें, ही कल्पना उदात्त खरीच. पण ज्यांचीं घरें आणि मुलें गेलीं होतीं त्यांना ती पेलली नाहीं. जर्मनांच्या उपस्थितीबद्दल रोष उत्पन्न झाला आणि कांहीं महिन्यांतच काम सोडून यावें लागलें. सेरेसोलनें यावरून कडवटपणा घेतला नाहीं. पुढें त्याची ही चळवळ अनेक देशांत पसरली.

१५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भयंकर भूकंप झाला, तेव्हां वयाची पंचावन्नी गांठलेला हाच सेरेसोल भारतांत आला. राजेंद्रबाबूंच्या नेतृत्वाखालीं तेथें साह्यकार्य चाललें होतें. सेरेसोल व त्याचे थोडे सोबती मुझफ्फरपूरच्या बाजूस राहिले, आणि पुराचें पाणी येऊं नये अशा उंच जागीं खेडीं नव्यानें वसविण्याच्या कामाला लागले. हातांत कुदळ-फावडें घेऊन स्थानिक मजुरांच्या बरोबरीनें हा युरोपियन मातींत उभा राही. त्या काळीं गोरा मनुष्य हिंदुस्थानांत मातींत राबतांना दिसणें ही किती अपूर्व गोष्ट होती, याची कल्पना करावी. येथें काम मागितलेलें होतें, तें करणाऱ्याला येत होतें, आणि करणारा स्वतःला वरच्या पायरीवर समजत नव्हता. या तीन गोष्टी जमल्या कीं परकेपण आड येत नाहीं.

मराठी माणसाला अशा सेवेचा विषय निघाला म्हणजे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण होणारच. १९३८ सालीं जपानशीं झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसनें जें वैद्यकीय पथक पाठविलें, त्यांत पांच डॉक्टर होते : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुकर्जी. त्यांपैकीं चोळकर नागपूरचे. १ सप्टेंबर १९३८ रोजीं त्यांनीं मुंबईचा किनारा सोडला. कोटणीस तेव्हां अठ्ठावीस वर्षांचेहि पुरे नव्हते. चीनमध्यें असतांनाच वडील निवर्तल्याची बातमी त्यांना कळली. तरी हातांतलें काम टाकून ते परतले नाहींत. त्यांनीं चिनी भाषा आत्मसात् केली, तीमधून ते विद्यार्थ्यांना शिकवूं लागले. १९४१ सालीं डॉ. बेथ्यून यांच्या नांवानें चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तेथेंच शुश्रूषा शिकविणाऱ्या क्वो छिंगलान या तरुणीशीं त्यांनीं विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्यें मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या झटक्यांनीं त्यांचा अंत झाला. वय अवघें ३२. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटानें त्यांची कथा घरोघर नेली.

कोटणीसांचें उदाहरण मीं मुद्दाम या जागीं घेतलें आहे. मानसिक स्वास्थ्याच्या मापानें या जीवनाचें मोल काय ठरवणार? चार वर्षें युद्धभूमि, अपुरें अन्न, शेवटीं अकाली मृत्यु. सोलापूरच्या घराला तर मुलाचें अखेरचें दर्शनहि झालें नाहीं. सेवेची किंमत कधीं कधीं सेवकाच्या घरच्यांना भरावी लागते, हें आपण गौरवाच्या भरांत विसरतों. तेव्हां परदेशीं सेवा म्हणजे हवापालट नव्हे, हें प्रथम ध्यानीं धरावें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांच्या २१२ कार्यकर्त्यांना जाण्यापूर्वीं आणि परतल्यावर तपासलें होतें. जाण्यापूर्वीं शेंकडा सुमारें १० जणांत खिन्नतेचीं लक्षणें होतीं. परतल्यावर तें प्रमाण शेंकडा सुमारें २० झालें, आणि कांहीं महिन्यांनींहि तें उतरलें नाहीं. हे लोक युद्धाच्या व दुष्काळाच्या प्रदेशांत गेलेले होते, शाळेंत शिकवावयास नव्हे, हें खरें; पण आघात किती खोल जातो तें यावरून कळतें. त्याच अभ्यासांत दिसलें कीं, ज्यांच्या पाठीशीं माणसांचें जाळें होतें, त्यांचें मन अधिक सुरक्षित राहिलें.

श्रोतेहो, आतांपर्यंत आपण सेवा करणाऱ्याच्या मनाचीच चिंता केली. पण ज्याची सेवा करावयाची त्यालाहि मन असतें! कंबोडियांत पर्यटकांची गर्दी वाढली तशी अनाथालयेंहि वाढत गेलीं. चौकशी केली तेव्हां तेथील बहुसंख्य मुलांचे आईबाप, निदान दोहोंपैकीं एक तरी, जिवंत असल्याचें आढळलें. दूर देशींचे दयाळू तरुण येणार, पैसे देणार, म्हणून गरिबांचीं मुलें घरांतून काढून तेथें ठेवलीं जात होतीं. तो तरुण दोन आठवडे त्या मुलाला मांडीवर घेतो, त्याच्याशीं खेळतो, आणि डोळे पुसत विमानांत बसतो. त्याचें मन भरून आलेलें असतें. मुलाचें मन मात्र पुन्हां एकदां रितें होतें. आणि पुढच्या आठवड्यांत दुसरा कोणी तरी येऊन तें पुन्हां भरतो आणि रितें करतो. आपल्या मनाच्या आरोग्यासाठीं दुसऱ्या एखाद्या लहान जिवाचें मन वापरलें जाणार असेल, तर त्या सेवेला सेवा म्हणतां येणार नाहीं. म्हणून अशा ठिकाणीं न जाणें हीच खरी सेवा.

मग ज्यांना जावयाचें आहे त्यांनीं काय पाहावें? माझ्या मतें कांहीं साधे प्रश्न स्वतःला विचारावे. हें काम तेथल्या लोकांनीं मागितलें आहे, कीं मला देतां यावें म्हणून तें निर्माण केलें आहे? तें मला येतें काय? आपल्या गांवीं ज्याला भिंत बांधतां येत नाहीं, त्यानें बांधलेली भिंत परदेशांतहि वांकडीच होते. मी भाषा शिकावयास तयार आहें काय, आणि शिकण्याइतका काळ राहणार आहें काय? मी भरणार असलेला पैसा मधल्या दलालाकडे जातो, कीं त्या गांवाकडे? आणि तेथल्या एखाद्या माणसाला मिळूं शकणारी रोजी मी फुकट काम करून हिरावून तर घेत नाहीं ना? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक आलीं तर अवश्य जावें.

आणखी एक सूचना विशेष कळकळीची आहे. जवळचें माणूस गेलें आहे, संसार मोडला आहे, किंवा महिनेच्या महिने मन उठत नाहीं, अशा अवस्थेंत कांहीं जण दूर देशीं निघून जाण्याचा मार्ग पत्करतात. 'कोठेंहि गेलें तरी पळसाला पानें तीनच,' असें आपले पूर्वज म्हणत. मन ट्रंकेंतून बरोबरच येतें. आणि तेथें सोबतीला ना भाषा, ना मित्र, ना ओळखीचा वैद्य. दुःखाच्या पहिल्या लाटेंत जाऊं नये. आधीं डॉक्टरांना दाखवावें, घरच्यांजवळ बोलावें, जमीन पायाखालीं यावी, मग जावें. लिलियनबाई यजमान गेल्यावर लगेच निघाल्या नाहींत. मध्यें तेरा वर्षें गेलीं होतीं, आणि त्या तेरा वर्षांत त्यांचे हात कामांत होते.

आणि घरच्या मंडळींना एक विनंति. मनुष्य जातो तेव्हां आपण त्याला निरोप देतों, हार घालतों. तो परत येतो तेव्हां मात्र त्याची खरी अडचण सुरू होते. गलाहॉर्न दाम्पत्यानें १९६३ सालीं दाखवून दिलें कीं, परदेशाशीं जुळवून घेतांना जशी उतरण येते, तशीच दुसरी एक उतरण स्वदेशीं परतल्यावर येते. तेथें पाण्याची एक बादली जपून वापरलेल्या मुलीला घरचा वाहता नळ सहन होत नाहीं. तिला सांगावयाचें पुष्कळ असतें, आणि ऐकणारे दहा मिनिटांत 'तेथें जेवण कसें होतें?' एवढें विचारून दुसऱ्या विषयाकडे वळतात. त्या दिवसांत तिला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे ऐकणारा कान. वर्ष-दोन वर्षांच्या सेवेनें जें मन तिनें मिळवलें, तें टिकेल कीं कोमेजून जाईल, हें पुष्कळदां या दोन-तीन महिन्यांत, आपल्याच घरांत ठरतें.

शेवटीं, ज्यांना परदेशीं जाणें शक्य नाहीं, त्यांनीं हळहळण्याचें कारण नाहीं. जर्मनींतल्या ज्या लोकांचें समाधान सेवा सुटल्यानें घटलें, ते कांहीं समुद्र ओलांडून गेलेले नव्हते. ते आपल्याच गांवच्या क्रीडामंडळाचे हिशेब लिहिणारे लोक होते. आपल्या शहरांत इमारती बांधावयास आलेला बिहारचा किंवा ओडिशाचा मजूर कोठें राहतो, त्याच्या मुलांना कोणती शाळा आहे, त्याच्या बायकोला रुग्णालयांतला कागद कोण वाचून दाखवतो? त्याची भाषा आपल्याला येत नाहीं, त्याच्या वस्तींत आपल्याला कोणी ओळखत नाहीं. परक्या भूमींत जें शिकावयाचें, त्यांतलें पुष्कळसें तेथेंहि शिकतां येईल.

दूर जावयाचें असो वा जवळ, नियम एकच दिसतो. आपल्या मनाचा विचार निघण्यापूर्वीं नीट करावा, आणि एकदां कामाला हात घातला कीं समोरच्या माणसाचा करावा. मग आपल्या मनाचें काय झालें, हें पुष्कळ दिवसांनीं, बहुधा दुसरेंच कोणी तरी आपल्याला सांगेल.